चुनकळीत साठवलेले ऊन

दुपारी सौरवीज भरपूर आणि स्वस्त, सूर्य मावळताच तिचीच टंचाई. देशाच्या वीजबाजारातील हे चित्र आता नेहमीचे झाले आहे. त्यावर उपाय म्हणून एकच नाव पुढे येते, ते बॅटरीचे. पण कारखान्याला हवी असते ती वीजच, असे कोणी ठरवले?

आपल्याकडे शिंपले भाजून चुना करीत. तो भिजवताना कसा उसळतो, हे जुन्या गवंड्यांना सांगावे लागत नसे. एक किलो चुनकळीत पाणी पडले की सुमारे १.१ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन लिटर पाणी उकळायला ती पुरते. भिजलेला चुना सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवला की त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते आणि पुन्हा चुनकळी हाती येते. तापवण्यासाठी दुपारची वीज वापरली, तर ती उष्णता चुनकळीत बांधली जाते. गरम पाण्याची टाकी रात्रभरात निवते. ही साठवण मात्र ओलावा लागू दिला नाही तर महिनोन्‌महिने टिकते. (आपल्या पावसाळ्यात ही अट साधी नव्हे.)

बर्लिनच्या रॉयटर वीजकेंद्रात वॅटनफॉल आणि स्वीडनच्या सॉल्टएक्स या कंपन्यांनी २०१९ मध्ये याच तत्त्वावर १० मेगावॉट-तास क्षमतेचा प्रायोगिक संच उभारला. हेतू घरे उबदार ठेवण्याचा होता. अडचणी सामग्रीच्या निघतात: वारंवार भिजून-तापून चुन्याचे कण फुटतात, गोळे होतात, आणि भुकटीतून उष्णता सहज वाहत नाही. सॉल्टएक्सने कणांना सूक्ष्म लेप देऊन पाहिला. पुढे कंपनीचा भर विजेवर चुना भाजण्याकडे वळला. तेव्हा हे तंत्र उद्या बाजारात येईल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

तरीही गोव्याने त्याकडे लक्ष द्यावे. राज्य जवळपास सारी वीज बाहेरून घेते आणि वेर्ण्यासारख्या वसाहतींतील औषध कारखान्यांना बॉयलरची वाफ लागते. चुन्यातून पुन्हा वीज करू पाहिल्यास मोठा वाटा वाया जाईल. थेट वाफ केली तर तो तोटा टळतो. ऊर्जा साठवणीच्या योजना आखताना आपण फक्त विजेची युनिटे मोजतो. कोणत्या कारखान्याला किती अंशाची, दिवसातून किती तास वाफ लागते, याची नोंद आधी व्हायला हवी. त्यासाठी कोणत्याही नव्या तंत्राची वाट पाहावी लागत नाही.