परीक्षा हवी, पहारा नको

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. आष्ट्यासारख्या ऊस-हळदीच्या मुलुखातील गावात मुलांच्या बाबतीत या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात. मुलींच्या बाबतीत ती अद्याप चाचपडत शोधली जातात. त्यांपैकी एखादीने सौंदर्यप्रसाधनाचा, म्हणजे रूढ भाषेत ‘पार्लरचा’ अभ्यासक्रम घ्यावयाचे म्हटले, तर वडीलधाऱ्यांचा पहिला उद्गार ‘त्यात शिकावयाचे काय?’ असाच असतो. हा उद्गार अज्ञानाचा असला तरी तो सर्वस्वी निराधार नाही. त्यात शिकावयाचे काय, किती आणि कोणाकडून, हे आपल्या समाजाने व शासनाने आजवर नीट ठरविलेलेच नाही.

हा व्यवसाय क्षुल्लक मानण्याचे दिवस केव्हाच मागे पडले आहेत. लग्नसराईत गावोगावी नववधूच्या केशभूषेला व रंगभूषेला आज बँडइतकेच हक्काचे स्थान आहे. थोड्या भांडवलात, घराच्या एका खोलीत, संसार सांभाळून करता येईल असा स्वतंत्र मिळकतीचा मार्ग खेड्यातील स्त्रीला फारसा उपलब्ध नसतो. हा त्यांपैकी एक आहे. शिवाय केस आणि चेहरा यांची निगा राखण्याचे काम शतकानुशतके जातीच्या उतरंडीत बांधलेले होते. ते आता जातीकडून शाळेकडे येत आहे, कोणत्याही घरातील मुलगी ते शिकू पाहत आहे. ही सामाजिक घटना कमी महत्त्वाची नव्हे.

प्रश्न आहे तो शाळेचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘कॉस्मेटॉलॉजी’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, दहावी उत्तीर्णांना त्यात प्रवेश मिळतो आणि अखिल भारतीय पातळीवरील परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र दिले जाते. याउलट गल्लीतील खाजगी वर्ग पंधरा दिवसांचाही असतो आणि सहा महिन्यांचाही. शुल्क मनास येईल तेवढे आणि शेवटी सोनेरी किनारीचे एक प्रमाणपत्र. भिंतीवर टांगल्यावर दोन्ही कागद सारखेच दिसतात. व्यवसाय सुरू करण्यासाठी यांपैकी कोणताही कागद कायद्याने आवश्यक नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यान्वये छोट्या दुकानाने शासनाला सूचना दिली की पुरे. दुकानाची दप्तरी दखल घेतली जाते, हाताची होत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. ती हळद लागलेल्या वधूला सजविणाऱ्या हातांना मात्र कसलेच मानांकन नाही.

यात बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बिघडते ते कातडीवर आणि कातडीखाली. केस काळे करणाऱ्या बहुतेक कलपांत पॅराफिनिलीनडायअमाइन हे द्रव्य असते. काहींच्या त्वचेला ते मुळीच सोसत नाही, चेहरा सुजतो, डोळे मिटतात. म्हणून अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडा कलप लावून पाहावयाचा असतो. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून उष्णता देताच फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. ती ग्राहक घटकाभर हुंगतो, पण काम करणारी मुलगी रोज हुंगते. न उकळलेल्या, न पुसलेल्या उपकरणांतून त्वचेचे व रक्ताचे रोग एकीकडून दुसरीकडे जातात. २०२३ च्या आरंभी अकोल्याची एक बातमी राज्यभर वाचली गेली. एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला होता आणि त्यांनी वापरलेल्या गोरेपणाच्या मलमात पारा आढळला होता. हे मलम सौंदर्यप्रसाधन करणाऱ्या स्थानिक व्यक्तीकडूनच घेतलेले होते. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनी पाऱ्याच्या वापरास कडक मर्यादा घातली आहे. परंतु नाव-गाव नसलेली डबी हाती धरणाऱ्या मुलीला तो नियम कोणी शिकविला होता काय?

अमेरिकेत प्रत्येक राज्यात ठराविक तासांचे शिक्षण आणि परीक्षा यांशिवाय हा व्यवसाय करण्याचा परवाना मिळत नाही. मग आपणही तसाच कायदा करावा, हा सोपा निष्कर्ष निघतो. पण तो घाईचा ठरेल. परवान्यासाठी लागणारे तास वाढले की शिक्षणाचा खर्च वाढतो आणि गरिबांना दार बंद होते, हा तेथील अनुभव आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून सोळाशे तासांची अट हजारांवर आणली ती उगीच नव्हे.

दार राखणाऱ्यांच्या हाती किल्ली दिली की काय होते, याचा धडा तर आपल्या मुंबईतच मिळाला आहे. चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकारांच्या संघटनेने कित्येक दशके स्त्रियांना केशभूषेचेच ओळखपत्र दिले, रंगभूषेचे नाकारले. अमेरिकेत या कलेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या चारू खुराना यांनाही ते नाकारण्यात आले. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट, आणि तिच्या जोडीची महाराष्ट्रातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही, घटनाबाह्य ठरविली. तेथे कौशल्य तपासले जात नव्हते, स्त्री-पुरुष हा भेद पाहिला जात होता. परीक्षा आणि पहारा यांतील अंतर ते हेच.

म्हणून मागणी करावयाची ती परीक्षेची. ती सार्वजनिक असावी, तालुक्याच्या ठिकाणी घेतली जावी, शुल्क अल्प असावे आणि ज्ञान वर्गात मिळविले की मावशीच्या हाताखाली, हे विचारले जाऊ नये. अनुभवातून आलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची कल्पना प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आहेच. वेणी किती सुबक, हे ग्राहक ठरवील; परीक्षेने त्वचा, रसायने आणि स्वच्छता एवढेच तपासावे. उत्तीर्ण झालेलीचे नाव शासनाच्या यादीत असावे आणि ते कोणालाही पाहता यावे.

अशा शिक्षणाचे खरे फळ म्हणजे नकार देण्याचे बळ होय. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांना समाज हलके लेखीत होता, त्यांनी समाजाला सांगितले की, हे काम आमच्या हातून होणार नाही. आजच्या प्रसाधिकेलाही ‘ही डबी मी वापरणार नाही, हा कलप तुम्हाला आज लावणार नाही’ असे ग्राहकाला ठामपणे सांगता आले पाहिजे. ते धैर्य ज्ञानातून येते आणि ज्ञानाला जनमान्य मुद्रा असली तरच ग्राहक ते ऐकून घेतो.

शासनाची गती आपणा सर्वांस ठाऊक आहे. तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. शिक्षकांनी निकालानंतर मुलींना औद्योगिक प्रशिक्षणाची माहिती अभियांत्रिकीइतक्याच आदराने द्यावी. पालकांनी खाजगी वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी प्रमाणपत्र कोण देणार, हे विचारावे. आणि कारकुनी नोकरीची वाट पाहत वर्षे घालविणाऱ्या घरांनी, हातात कला असलेल्या मुलीकडे ‘दुसरे काही जमले नाही म्हणून पार्लर’ या नजरेने पाहणे सोडावे. ज्या हातांवर आपण आपल्या लेकीबाळींचे चेहरे विश्वासाने सोपवितो, त्या हातांना शिक्षणाची प्रतिष्ठा नाकारणे हा व्यवहारही नव्हे आणि न्याय तर नव्हेच.