लोखंड मऊ करणारे पैगंबर

‘पोलाद’ हा शब्द मराठीला फारसीने दिला, पण महाड-पोलादपूरकडे तो कुणालाच परका वाटत नाही. मागच्या आठवड्यात पोलादपूरला एका लोहारकाकांकडे कोयता शेवटायला घेऊन गेलो होतो. राबाचे दिवस, त्यामुळे गर्दी. भाता थांबवून काका म्हणाले, “सर, रोजा असेल, पाणी विचारत नाही. पण सांगा, तुमच्यात लोहारांचा देव कोण?”

देव नाही काका, पैगंबर आहेत. हजरत दाऊद. (वर्तमानपत्रांनी या नावाला भलताच वास लावून ठेवलाय, बायबलमधला राजा डेव्हिड म्हणजे हेच.) कुरआनच्या सूरह सबामध्ये येते, की अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले, चिलखते घडवायला सांगितले आणि कड्या मापात जुळवायलाही. तफसीरकार या मापापाशी मुद्दाम थांबतात. कडी जोडणारा खिळा बारीक असला तर हलतो, जाड असला तर कडी फुटते.

काकांनी हातोडा खाली ठेवला. “रिबीट जाड बसवलं की पट्टी चिरतेच. हे तुमच्या ग्रंथात आहे?”

दाऊद राजे होते, खजिना हाताशी होता. जुनी कथा अशी, की वेश पालटून ते लोकांना विचारत, आपला राजा कसा आहे? एकदा माणसाच्या रूपातला फरिश्ता भेटला. म्हणाला, चांगला आहे, फक्त खजिन्यातून खातो. तेव्हा त्यांनी अल्लाहकडे हुन्नर मागितले. स्वतःच्या हाताच्या कमाईपेक्षा चांगला घास नाही, हे सांगताना पैगंबर मुहम्मद (स.) यांनीही दाऊदांचाच दाखला दिला.

कारागिरांनी अशा कथा जिवापाड जपल्या. शिंपी हजरत इद्रीसना, सुतार हजरत नूहना, न्हावी सलमान फारसींना आपल्या धंद्याचे मूळ पुरुष मानतात. एकोणिसाव्या शतकात यावर उर्दूत छोट्या पुस्तिका छापल्या गेल्या. धंद्याचा पहिला उस्ताद कोण, हत्यार हाती घेताना कोणती दुआ म्हणायची, हे सारे त्यांत प्रश्नोत्तरांत असे. इकडे पांचाळांच्या घरी विश्वकर्म्याच्या पाच मुलांची कथा. मनू लोखंडाचा, मय लाकडाचा, त्वष्टा तांब्याचा, शिल्पी दगडाचा, दैवज्ञ सोन्याचा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. आणि वारकऱ्यांच्या संतांत गोरा कुंभार, नरहरी सोनार, सावता माळी, नावातच धंदा. दाऊद आणि विश्वकर्मा एकच, असली गोड भेसळ मी करणार नाही; दोन्हीकडची श्रद्धा वेगळी आहे. पण ज्या हातांना गावाने मागच्या पंगतीत बसवले, त्या हातांनी आपला मान थेट वरून मागून आणला, हे मात्र दोन्हीकडे सारखे.

गावाने तो दिला का? कॉलेजात प्रवेश अर्ज तपासताना ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना मी बघतो. लोहाराचा मुलगा ‘स्वतंत्र व्यवसाय’ लिहितो. आखातात वेल्डिंग करणाऱ्याची मुलगी ‘नोकरी’ लिहिते. त्यांना काय बोलायचे? आम्ही मुसलमानही दाऊदांचे कौतुक करतो आणि सोयरीक जुळवताना मुलाकडच्यांचा धंदा हळूच विचारतो. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याचे पैसे द्यावेत, ही हदीस रमजानच्या प्रत्येक बयानात ऐकतो आणि सुताराला ‘ईदनंतर बघू’ म्हणतो. हे मीही केले आहे.

तेवढ्यात मागच्या गिऱ्हाइकाने बाजारातल्या तयार विळ्याचा भाव सांगून घासाघीस सुरू केली. काका काही बोलले नाहीत. माझा कोयता त्यांनी पाण्यात बुडवला, चर्रर्र आवाज झाला, मग अंगठ्याने धार पाहिली आणि कोयता पुन्हा भट्टीत घातला.

“अजून एकदा तापवतो, सर. इफ्तारच्या आत घरी पोहोचाल.”