छायाचित्रमंडळ आणि गावाचे दफ्तर

लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात छायाचित्र ही आता दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. महसुली कारभारातही तिला स्थान मिळाले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतात सोयाबीन उभे आहे की कपाशी, याची नोंद सातबाऱ्यावर व्हावयाची तर खातेदाराने स्वतः शेतात जाऊन मोबाइलवर पिकाचे चित्र घ्यावे, असा शिरस्ता पडला. अशा वेळी पुष्कळ घरांत मोबाइल हाताळतो तो शाळकरी मुलगाच. ज्याने काढलेले चित्र सरकारदरबारी रुजू होते, त्या मुलाला चित्र काढण्याचे आणि जपण्याचे रीतसर शिक्षण शाळेने द्यावे, ही अपेक्षा अवाजवी मानता येणार नाही.

आपल्याकडे हे शिक्षण नवेही नाही. फ्रेंच संशोधक दागेरने १८३९ साली पॅरिसमध्ये आपली छायाचित्रणाची प्रक्रिया जाहीर केली, १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनने छायाचित्रणाचा वर्गच उघडला. यंत्र अवजड, काचा नाजूक, रसायने घातक आणि खर्च मोठा, असे असतानाही एका विद्यालयाने ही विद्या शिकविण्यायोग्य मानली, आणि त्याच वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार निर्माण झाला. पुढे १९०० मध्ये कोडॅकने एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा मुलांसाठीच म्हणून बाजारात आणला. आपल्याकडे मागच्या पिढीतील अनेकांनी आगफा क्लिकवर हात बसविला, ज्याच्या एका रिळात अवघी बारा चित्रे निघत आणि म्हणून प्रत्येक चित्रापूर्वी विचार करणे भाग पडे. ती सक्ती यंत्राबरोबर गेली. ती शिस्त मात्र शाळेला आजही लावता येईल. महिन्याला प्रत्येकी बाराच चित्रे, एवढा एक नियम केला तरी पुरे.

यासाठी शाळेने मुलांचे छायाचित्रमंडळ काढावे. अशा मंडळाची वाढ कशावरून मोजावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. सभासद किती, कॅमेरे किती, तालुक्याच्या स्पर्धेत बक्षिसे किती, हे हिशेब गौण होत. चित्र कोणी काढले, कोणत्या तारखेस, कोठे उभे राहून, आणि चित्रात कोण व काय आहे, हे लिहिलेली नोंदवही वर्षागणिक जाड होत गेली, आणि दहावीची तुकडी शाळा सोडून गेली तरी आठवीच्या मुलांनी ती पुढे चालविली, म्हणजे मंडळ वाढले. अशा सातत्याचे मोल एका उदाहरणाने पटेल. सेबास्टियान फिन्स्टरवाल्डर या बव्हेरियन गणितज्ञाने १८८८ च्या सुमारास आल्प्समधील हिमनद्यांची चित्रे ठरावीक जागांवरून पुनःपुन्हा घेण्याची पद्धत घातली. हिम किती ओसरले, हे आज सांगता येते ते तशा चित्रमालिकांमुळे.

बीबीच्या मुलांना तर आल्प्सपर्यंत जावयास नको. कठीण काळ्या पाषाणात उल्कापाताने घडलेले लोणारचे सरोवर त्यांच्याच तालुक्यात आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची चित्रे जगभर पोहोचली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य हे त्याचे कारण सांगितले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत सरोवराचा समावेश झाला. परंतु त्याआधीच्या वीस वर्षांत दर महिन्यास, काठावरच्या एकाच जागेवरून घेतलेली चित्रे तालुक्यातील एखाद्या शाळेच्या कपाटात असती, तर त्यांचे मोल त्या एका महिन्यातील लाखो चित्रांहून अधिक ठरले असते. तीच गोष्ट गावच्या विहिरींची, ओढ्यांची, बाजाराच्या दिवसाची आणि समृद्धी महामार्गाने पालटत चाललेल्या शिवाराची.

दोन गोष्टींविषयी मात्र शाळेने कठोर असावे. घरातला मोबाइल बहुधा वडिलांच्या वा भावाच्या खिशात असतो. म्हणून शाळेचा कॅमेरा मुलींच्या हाती बरोबरीने, पाळीपाळीने जावा, ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट समजू नये. स्वयंपाकघर, निंदणीची पाळी, पाण्याची रांग ही जगाची अंगे त्यांना आतून ठाऊक आहेत आणि कोणत्याही सरकारी दफ्तरात ती सापडणार नाहीत. दुसरे असे की, माणसाचे चित्र त्याला विचारल्यावाचून घेऊ नये. शेतमजुराचे दारिद्र्य प्रदर्शनात टांगून पारितोषिक मिळविणारे मंडळ मुलांना कला शिकवीत असेलही, पण माणुसकी खचित शिकवीत नाही.

खर्चाचा प्रश्न येईल, पण तो फार मोठा नाही. शाळेने एक जुना चालू कॅमेरा मिळवावा, मुख्याध्यापकांनी आठवड्याचा एक तास द्यावा, ग्रामपंचायतीने कुलूपबंद कपाट व निवडक चित्रांच्या छपाईचा खर्च उचलावा, आणि दरवर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती चित्रे गावापुढे मांडावीत. चित्रातील पडका वाडा कोणाचा, बुजलेली विहीर कोणत्या गटातली, याबद्दल म्हातारी माणसे तेथे हुज्जत घालतील. मुलांनी ती शांतपणे ऐकून दोन्ही बाजू नोंदवहीत लिहून घ्याव्यात.