विचारणं आणि हुकूम

आपल्याकडे पोलिसाने ‘जरा चौकीवर चला’ म्हटलं, की ती विनंती आहे की हुकूम हा प्रश्नच कुणाला पडत नाही. इकडे रीडिंगच्या ब्रॉड स्ट्रीटवर पोलिसाने ‘कुठून आलात, कुठे निघालात?’ असं विचारलं, तर काही अपवाद सोडून उत्तर देण्याची कायदेशीर सक्ती नाही. नुसतं विचारायचा अधिकार तर तुम्हा-आम्हालाही आहे!

याचा निकाल १९६६ साली लागला. ग्रिम्सबी गावात घरफोड्या झाल्या त्या रात्री राइस नावाचा एक माणूस भटकताना पोलिसांना दिसला. त्याने आडनाव आणि राहत्या रस्त्याचं नाव तेवढं सांगितलं. पोलिसांबरोबर चल म्हटल्यावर, ‘अटक करत असाल तरच येतो’ (वल्लीच!). कामात अडथळा आणला म्हणून खालच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, वरच्या कोर्टाने सोडलं. लॉर्ड पार्कर यांचं म्हणणं, पोलिसांना मदत करणं हे नैतिक कर्तव्य असेलही, पण कायदेशीर नाही.

गाडी चालवताना मात्र हा थाट चालत नाही. तिथे थांबावंच लागतं, नाव-पत्ता द्यावाच लागतो. झडतीला १९८४ च्या कायद्याप्रमाणे वाजवी संशय लागतो आणि पोलिसाला आधी स्वतःचं नाव, ठाणं आणि झडतीचं कारण सांगावं लागतं. इंग्रज साधुसंत आहेत असं मात्र नाही. २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यात संशयाशिवाय झडतीची मुभा होती, ती २०१० साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने हक्कभंग ठरवली.

आपला कायदा थोडा वेगळा आहे. तपासात साक्षीदाराला खरं उत्तर द्यावं लागतं, फक्त स्वतःला गोवणारं सोडून. पण बोलावणं लेखी हवं. आणि कोणत्याही बाईला किंवा साठीपुढच्या पुरुषाला त्यासाठी घराबाहेर यायची सक्ती करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ वाचा, छोटंसं आहे.

हे सगळं आज का लिहितोय? ‘डिजिटल अरेस्ट’मुळे. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसते आणि मुलं परदेशात असलेले आई-बाबा दोन-दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून राहतात, वर एफडी मोडून पैसे पाठवतात. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं. लोक याला भोळेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. जन्मभर वर्दीचं प्रत्येक वाक्य हुकूम म्हणून ऐकलेल्या माणसाने कॉल कट कसा करायचा?

घरी फोन कराल तेव्हा एवढं सांगा: लेखी काय आहे ते विचारा, आणि बिनधास्त फोन ठेवून द्या.