हितंच तर हाय!

आमच्या देवळाली प्रवरात चढ म्हणजे उसाच्या ट्रॉलीवर चढणं. त्यामुळे मे महिन्याच्या एका वीकेंडला कळसूबाईला निघालो, तेव्हा कॉन्फिडन्स जाम होता. पायथ्याच्या बारी गावात एका आजींना विचारलं, ‘‘शिखर किती लांब?’’

‘‘हितंच तर हाय!’’

ते ‘हितंच’ १६४६ मीटरवर निघालं. लोखंडी शिड्यांवर ब्रँडेड शूजनी मान टाकली.

उतरलो तर त्याच आजी डोक्यावर हंडा घेऊन. ‘‘पाणी कुठून आणता?’’

‘‘हितंच.’’

या वेळी कुणी हसलं नाही. प्रवरा याच अकोले तालुक्यात, रतनगडावर उगम पावते. १९२६ च्या भंडारदरा धरणातून कालव्यानं आमच्या उसापर्यंत येते. घरी नळ सोडला. खरं ‘हितंच’ तर आमच्या बेसिनमध्ये होतं!