आयसिंगसाठीं चोचीची बाटली

केकवर चार अक्षरें लिहावयाचीं किंवा बिस्किटांवर वेलबुट्टी काढावयाची म्हटली, म्हणजे आपल्या घरांतील लेकीसुना प्रथम कोन हातीं घेतात. मेंदीच्या कोनानें त्यांचा हात आधींच वळलेला असतो, तेव्हां यांत नवल नाहीं. कोनाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या स्वयंपाकघरांतून दहाबारा माणसांची ये-जा चालते, तेथें त्याची एक मोठी अडचण होते. तो एकदां हातीं घेतला कीं खालीं ठेवतां येत नाहीं. वरचें तोंड एका हातानें पिळून धरावें, टोंक दुसऱ्या हातानें सांभाळावें, आणि तेवढ्यांत दूध उतूं जात असल्याची हांक आली, तर हा भरलेला कोन ठेवावा कोठें? आडवा ठेवला तर दोन्हीकडून गळतो; उभा तर राहतच नाहीं.

सँडविचच्या गाड्यावर हिरवी चटणी आणि तांबडें सॉस ज्या मऊ बाटलीतून पिळतात, ती आमच्या वाचकभगिनींनीं पाहिलेलीच आहे. आयसिंगसाठीं तीच बाटली वापरतात. आकार लहान, सुमारें १०० मिलिलिटरचा, आणि चोच अधिक बारीक. पिळावी, थांबावें, टोपी लावावी, उभी करून ठेवावी आणि दुधाकडे जावें. परत येईपर्यंत ती आपल्या जागीं असते. संयुक्त कुटुंबांत हा गुण लहान नव्हे. तथापि आम्हांला या बाटलीविषयीं लिहावेंसें वाटलें, त्याचें कारण निराळें आहे.

यंदा वैशाखांत आमच्या कागलच्या घरीं पुतणीचें लग्न झालें. रुखवतांत काय काय मांडावें याची चर्चा चैत्रापासूनच चालू होती. आमच्या थोरल्या काकूंचें वय आतां ७८ वर्षांचें आहे. या घरांत आलेल्या प्रत्येक सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे आणि प्रत्येक बाळाच्या बोरनहाणाचे हलव्याचे दागिने त्यांच्या हातचे. परातींत तीळ घेऊन मंद आंचेवर थेंब थेंब पाक घालीत, काटा फुटेपर्यंत तासन् तास ते हातानें हलवीत बसावें, तें त्यांनींच. पण गेल्या पांच-सहा वर्षांत संधिवातानें त्यांच्या बोटांचीं पेरें सुजलीं. सुई धरवत नाहीं, चकलीचा सोऱ्या दाबवत नाहीं. रुखवताचा विषय निघाला तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “तुम्ही करा, मी पाहतें.” ज्यांनीं उभ्या जन्मांत दुसऱ्याचें काम नुसतें पाहिलें नाहीं, त्यांच्या तोंडीं हें वाक्य ऐकून स्वयंपाकघरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

पुतणीच्या मनांत १०१ बिस्किटांचें ताट होतें. प्रत्येकावर साखरेचें चित्र: नथ, कोयरी, मोर, तुळशीवृंदावन, सनई. प्रथम नानकटाईचा विचार झाला आणि तो तेथेंच सोडावा लागला. नानकटाई भाजतांना फुलते आणि तिच्या माथ्यावर तडे जातात; चांगल्या नानकटाईची ती खूणच आहे. पण तड्यांवर रेघ सरळ येत नाहीं, आणि पातळ साखर त्यांत झिरपते. म्हणून लोणी, साखर आणि मैदा यांचें घट्ट पीठ लाटून, वाटीनें कापून, सपाट बिस्किटें केलीं. लाटलेल्या पोळ्या कापण्यापूर्वीं अर्धा तास थंड ठेवल्या, तर भट्टींत कडा पसरत नाहींत.

आतां साखरेकडे वळूं. इंग्रजी पद्धतीच्या ‘रॉयल आयसिंग’मध्यें अंड्याचा पांढरा बलक असतो. आमच्या घरीं तो प्रश्न निघालाच नाहीं. २५० ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे पाणी आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब, एवढ्यावर आमचें काम भागलें. दुधानें रंग अधिक पांढरा येतो. परंतु रुखवत चार दिवस मांडून ठेवावयाचें असल्यानें पाणीच बरें. हें आयसिंग बलकाच्या आयसिंगाइतकें कठीण वाळत नाहीं, बोट लावलें तर खूण उमटते, हें मान्य केलें पाहिजे. पंख्याखालीं रात्रभर ठेवलें तर ताट उचलण्याइतकें तें घट्ट होतें. पावसाळ्यांत मात्र याचा भरंवसा धरूं नये.

आमचा पहिला दिवस फसला. घरचीच साखर मिक्सरमध्यें दळून पिठाच्या चाळणीनें चाळली होती. आम्ही राहतों साखरेच्या मुलखांत. कागलला साखर कारखाना आहे, हंगामांत रस्त्यानें उंसाच्या गाड्या लागलेल्या असतात, आणि तरीही साखर कशी चाळावी हें आम्हांस ठाऊक नसावें! दुसऱ्याच बिस्किटावर एक कण चोचींत अडकला. धाकट्या जाऊबाईंनीं बाटली जोरानें दाबली, झांकण निसटलें, आणि आंतली सगळी साखर मोठ्या वहिनींच्या पदरावर गेली. मुलें हंसलीं, वहिनी हंसल्या नाहींत. काकू कोपऱ्यांतून म्हणाल्या, “पीठ वस्त्रगाळ केलें नाहीं, आणि पाक पाहिल्याशिवाय दागिने करायला बसलांत होय?”

चूक होती ती एवढीच. बाटलीच्या चोचीचें भोंक दीड-दोन मिलिमीटरचें असतें. त्यांतून जी साखर जावयाची, ती मलमलच्या फडक्यांतून गाळलेलीच हवी. बाजारांत ‘आयसिंग शुगर’ म्हणून मिळते तिच्यांत मक्याचें सत्त्व मिसळलेलें असतें, म्हणून ती गुठळ्या कमी धरते. पण तीही गाळावी. चोंदलेली चोच दाबून मोकळी करूं नये. बाटली सरळ धरावी आणि चोचींत दांतकोरणें घालावें. दोन बिस्किटांच्या मधल्या वेळांत एका पेल्याच्या तळाशीं ओलें फडकें ठेवून त्यांत बाटली उलटी उभी करावी. टोंकाशीं साखर वाळत नाहीं, आणि आंतील हवाही वर जाऊन बसते. बाटली नव्यानें भरली, कीं पहिली पिळणी बशींत करावी. नाहीं तर हवेचा बुडबुडा फुर्रकन फुटून मोराचें नाक बिघडवितो.

दाटपणा पाहण्याची रीत ठरविली ती काकूंनीं. आपल्याकडे एकतारी, दोनतारी पाक बोटांत धरून पाहतात. येथें तार येत नाहीं, म्हणून दुसरी खूण घ्यावी लागते. वाटींतल्या आयसिंगांतून सुरीनें एक रेघ ओढावी आणि ती मिटेपर्यंत मोजावें. विसाच्या आंत रेघ मिटत नसेल, तर तें आयसिंग कडा काढण्याजोगें झालें. दहाच्या सुमारास मिटत असेल, तर तें कडेच्या आंत भरण्याजोगें. पांचाच्या आंतच मिटली, तर तें बिस्किटावरून खालीं वाहणार; आणखी साखर घालावी. पातळ करतांना पाणी चमच्यानें न घालतां थेंबानें घालावें, कारण अर्ध्या चमच्यानें सगळा हिशेब बदलतो. काकू आंकडे मोजीत नाहींत. त्या मनांतल्या मनांत नामस्मरण करतात. आमच्या घड्याळाशीं त्यांचा फरक दोन सेकंदांहून अधिक पडला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं रंगांच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या: पांढरी, केशराची पिवळी, हिरवी आणि तांबडी. घरांतील माणसें जेवून आडवीं झालेलीं. पाहतों तों काकू टेबलापाशीं बसून पिवळ्या बाटलीनें एका रिकाम्या बशींत ठिपके काढीत आहेत. कोन त्यांना कधींच धरतां आला नसता, कारण त्याचा सारा जोर बोटांच्या टोंकांवर येतो. बाटली मात्र सबंध मुठींत धरतां येते, आणि दाब तळहाताचा असतो. दुखणारीं पेरें त्यांतून पुष्कळशीं सुटतात. आम्हांला कींव आली, आणि हलकी पडावी म्हणून आम्ही त्यांची बाटली अर्धी रिकामी केली. त्यांनीं दोन ठिपके काढून ती परत केली. “पुरी भरून दे. अर्धीला जोर जास्त लागतो.” आणि तें खरेंच आहे. अर्ध्या बाटलींत आपण साखरेच्या आधीं हवाच दाबीत असतों. १०० मिलिलिटरच्या बाटलीचें ओझें तें काय! पण दाबावयाचा श्रम मात्र भरलेल्या बाटलीनें निश्चित कमी होतो.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. ज्यांचे हात दुखतात त्यांना बाटली सरसकट सोपी जाते, असें नाहीं. दाट आयसिंग बाटलीतून काढावयास कोनापेक्षांही अधिक जोर लागतो. कडेचें दाट आयसिंग काकूंनीं एकदां दाबून पाहिलें आणि हात झटकला. म्हणून आम्ही काम वांटून घेतलें. पुतणी कडा काढी, काकू आंतला भाग भरीत आणि ठिपके देत, आणि आठ वर्षांचा नातू दांतकोरण्यानें कोपऱ्यांपर्यंत साखर ओढी. बाटल्या निवडतांनाही प्रत्येक दाबून पाहावी; कांहींचें प्लॅस्टिक इतकें ताठ असतें कीं तरण्या हातालाही तें दमवितें.

असें तीन दुपारीं चाललें. काकू सलग वीस मिनिटांहून अधिक बसत नसत. मधेंच बाटली उलटी ठेवून त्या हात शेकत, पडून राहत, पुन्हां येत. कोन असता तर पडून राहण्यापूर्वीं तो कोणाच्या तरी हातीं द्यावा लागला असता, आणि एकदां हातचें काम दुसऱ्याच्या हातीं गेलें म्हणजे परत मागून घेणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. एकंदर १०१ पैकीं ४३ बिस्किटें त्यांनीं भरलीं. सात बिघडलीं. धाकट्या जाऊबाईंचें म्हणणें, रुखवताला आणखी कोणी भरलीं असतीं तर तीं सातही वांचलीं असतीं. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. त्या सातांचा मुलांनीं तत्काळ निकाल लावला. आठवें एक होतें, त्यावरील नथेचा मोती जरा ओघळलेला होता. तें बाजूला काढलें असतां पुतणीनें उचलून ताटाच्या अगदीं पुढच्या रांगेंत मांडलें. आम्ही मागें सारलें, तिनें पुन्हां पुढें आणलें. शेवटीं तें पुढेंच राहिलें.

केकाच्या बाबतींत बाटलीची मर्यादा ओळखून वागावें. जें वाहतें तें बाटलीचें, जें उभें राहतें तें कोनाचें. चॉकोलेट आणि साय समभाग वजनानें घेऊन केलेलें ‘गनाश’ कोमट असतां बाटलींत भरावें, आणि केकाच्या कांठाशीं चोच टेकवून थोडें थोडें पिळावें; ओघळ हवे तेवढ्या लांबीचे सोडतां येतात. आधीं एका पालथ्या पेल्याच्या कांठावरून एक ओघळ सोडून पाहावा. तो पार तळाला पोंचला तर गनाश अजून गरम आहे; वरच थबकला तर फार थंड. कढत गनाश मऊ प्लॅस्टिकमध्यें ओतूं नये.

लोणी-साखरेच्या आयसिंगाचीं गुलाबाचीं फुलें मात्र या बाटलीतून काढण्याचा हट्ट धरूं नये. पाकळीला चपटें नोझल लागतें, चांदणीला दांतेरी. बाटलीची साधी चोच गोल. कांहीं बाटल्यांना अशीं नोझलें बसतात, पण दाट लोणी पिळतांना हात भरून येतो. घुसळून फुलविलेली साय तर बारीक चोचीतून दाबली कीं तिच्यांतली हवा निघून जाते आणि ती सैल पडते. आणखी एक गोष्ट लोण्याविषयीं: भाकरीवर लावावयाचें पिवळें ‘टेबल बटर’ खारें असतें. कोल्हापूर जिल्ह्यांत दुधालोण्याला तोटा नाहीं, तेव्हां आयसिंगला बिनमिठाचें पांढरें लोणीच आणावें. आणि बाटलींत लोणी भरलेंच असेल, तर ती त्याच दिवशीं गरम पाण्यांत साबण घालून लांब ब्रशानें धुवावी. मानेच्या आंतल्या घडींत राहिलेलें लोणी आठ दिवसांनीं आपली ओळख स्वतःच देतें. साखरेची बाटली नुसत्या कोमट पाण्यानें स्वच्छ होते.

आमच्या येथें या वस्तूचें फारसें अप्रूप वाटावयास नको होतें, असें आतां वाटतें. कोल्हापुरांत १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला चौकाचौकांत जिलबीच्या कढया चढतात. हलवायाच्या मुठींतील भोकाचें फडकें, त्यांत धरलेलें पीठ, आणि तुपावर फिरणारी ती वेढ्यांची रेघ, हें आपण लहानपणापासून पाहत आलों. तेथेंही पीठ किती सैल असावें यावरच सारें अवलंबून असतें. फडक्याच्या जागीं बाटली आली, आणि कढईच्या जागीं बिस्किट.

लग्नानंतर चार बाटल्या धुऊन, वाळवून काकूंच्या कपाटांत गेल्या. त्यांतील एक पंधरा ऑगस्टच्या जिलबीसाठीं धाकट्या जाऊबाईंनीं मागितली आहे. काकूंनीं अजून दिलेली नाहीं. पिठाचा आंबूस वास प्लॅस्टिकला धरतो, आणि पौषांत नव्या जांवयाचे व पुतणीचे संक्रांतीचे दागिने करावयाचे आहेत, असें त्यांचें म्हणणें. हलव्याला काटा येतो तो हातानें हलविल्यानें, हें आम्ही त्यांना सांगावें अशांतला भाग नाहीं. पण परातींत पाकाचा थेंब सोडावयास ही बाटली चालेल कीं काय, याचा त्या विचार करीत आहेत. पाक कढत असतो, हें आम्ही सांगून पाहिलें. त्या म्हणाल्या, कोमट करून पाहूं.