रस्ता आधीं पायांचा

समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि जालन्याजवळून मोटारींस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा असलेली वाट गेली. तीवर पायीं चालणारास मज्जाव आहे; दुचाकीसही आहे. याबद्दल आमची तक्रार नाहीं. जेथें वेग हाच धर्म, तेथें पायांनीं जाऊं नये हें शहाणपणाचेंच होय. पण याच न्यायाची दुसरी बाजू आमच्या विकासप्रेमी मित्रांस रुचत नाहीं. महामार्ग मोटारीचा, तर गांवांतला रस्ता माणसाचा. तेथें मोटार पाहुणी; पाहुण्यानें घरच्यांच्या चालीनें वागावें.

यावर ठराविक उत्तर मिळतें: जालना आतां मोठें झालें, २०२३ सालीं महानगरपालिका आली, पोलादाचा व बियाण्यांचा व्यापार वाढवावयाचा तर रस्ते रुंद हवेत. व्यापार आम्हांसही हवा. परंतु मोंढ्यांत पोतीं उचलणारा हमाल, पाळीस निघालेला मजूर, कुंडलिकेच्या पुलावरून शाळेस जाणारीं मुलें, हीं त्याच व्यापारी नगरीचीं माणसें नव्हेत काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शंभरांपैकीं सुमारें आठच कुटुंबांजवळ मोटार आढळली. आठांच्या सोयीसाठीं ब्याण्णवांनीं जीव मुठींत धरून चालावें, याला नगररचना म्हणावें कीं जहागिरी?

जीव मुठींत, हा अलंकार नव्हे. सरकारी आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत पादचारी ३२,८२५ होते. यास दैव म्हणून हात झटकतां येणार नाहींत. वेग दुप्पट झाला कीं गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. आणि बाजारांत वेग किती असूं द्यावा हें दैव नव्हे, कारभारी ठरवितात.

दुसरा आक्षेप हातगाडीवर. तीच म्हणे रस्ता अडविते! भाजीची गाडी थोड्या जागेंत अनेक घरांची गरज भागविते. उभी मोटार तिच्याहून अधिक जागा अडवून दिवसभर कांहींच करीत नाहीं. तरी पहिली गदा हातगाडीवरच येते, आणि पथविक्रेत्यांस संरक्षण देणारा २०१४ चा कायदा कागदावर राहतो.

१४ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्वेध पादपथ हा घटनेच्या २१ व्या कलमांतील हक्काचाच भाग ठरविला. पुण्यानें पादचारी धोरण २०१६ सालींच स्वीकारलें. पादपथास निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, हें इंडियन रोड्स काँग्रेसचें प्रमाणही उपलब्ध आहे. तेव्हां जालन्याच्या महानगरपालिकेनें रुंदीकरणाआधीं शाळा, मोंढा, स्थानक आणि दवाखाने जोडणारे सलग पादपथ बांधावेत, व बाजारपेठेंत ताशीं ३० ची मर्यादा कसोशीनें पाळावयास लावावी.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं मोटार असेल. त्यांसच आमचें सांगणें आहे: मोटारींतून उतरल्यावर आपणही पादचारीच असतां, आणि आपलीं मुलें व वृद्ध आईबाप तर आधींपासूनच पायीं आहेत. या वादांत आपला पक्ष निराळा नाहीं.